चांदी-काच-चांदी: धातूच्या आवरणाचा ऑप्टिकल वेव्हगाइड घडवणे, जुळवणे आणि त्यावर मोजमाप करणे

अर्धा मिलिमीटर जाडीची काच, तिच्या एका अंगाला ३५ नॅनोमीटर चांदी आणि दुसऱ्या अंगाला २५० नॅनोमीटर चांदी. वेव्हगाइड, म्हणजे प्रकाशाला आतल्या आत कोंडून पुढे नेणारी रचना, म्हणून घडवायचं ते एवढंच. नेहमीच्या वेव्हगाइडमध्ये प्रभावी अपवर्तनांक (आत धावणाऱ्या प्रकाशाला लांबीच्या दिशेने जाणवणारा अपवर्तनांक) हवेपेक्षा जास्त असतो, त्यामुळे प्रकाश आत घालायला प्रिझम किंवा ग्रेटिंग (बारीक समांतर रेघांची पट्टी) लागतं. दोन्ही बाजूंना धातू असला की हा अंक शून्यापासून काचेच्या अपवर्तनांकापर्यंत कुठेही बसू शकतो. म्हणून हवेतून थेट, साध्या लेझरने, जवळजवळ लंब दिशेने प्रकाश आत जातो. शांघाय च्याओ तोंग विद्यापीठातल्या गटाने या रचनेवर बरंच काम केलं आहे. तिथले प्रयोग वाचून आपल्याकडेही एमएस्सी-पीएचडीची मुलं हा सेटअप बांधायला घेतात आणि बहुतेक जण चांदीच्या जाडीवर डोकं फोडत बसतात. चांदी ३० ते ४० नॅनोमीटरमध्ये कुठेही असली तरी काम निघतं. खरं अडतं ते काचेच्या समांतरतेवर आणि किरणाच्या रुंदीवर, म्हणून या लेखात त्या दोन गोष्टींवर जास्त जागा खर्च केली आहे.

आधी आकडे मांडा

काचेच्या अपवर्तनांकाच्या वर्गातून आपाती कोनाच्या साइनचा वर्ग वजा करा, वर्गमूळ घ्या, जाडीच्या दुपटीने गुणा. उत्तर तरंगलांबीच्या पूर्ण पटीत आलं की त्या कोनाला प्रकाश आत शिरतो आणि परावर्तित प्रकाशात खड्डा पडतो. त्याला प्रयोगशाळेत सगळे डिपच म्हणतात. धातूवर होणारा कलाबदल यात सोडून दिला आहे. अंदाजाला तो लागत नाही.

काचेचा अपवर्तनांक १.५१५, जाडी ०.५ मिमी आणि हीलियम-निऑन लेझर ६३२.८ नॅनोमीटर धरला, तर लंबाजवळ ही पट, म्हणजे डिपचा क्रम, २३९४ च्या आसपास येते. शेजारच्या दोन डिपमधलं अंतर ३ अंशांजवळ साधारण १.०५ अंश, ५.७ अंशांवर ०.५५, १० अंशांवर ०.३२ आणि ४५ अंशांवर जेमतेम ०.१० अंश. प्रत्यक्षात चढवलेल्या चांदीत तोटा पुस्तकी चांदीपेक्षा जास्त असतो, त्यामुळे फिनेस ४० च्या आसपास मिळते. म्हणजे डिपची रुंदी या अंतराच्या चाळिसाव्या भागाएवढी: ४ अंशांजवळ ०.०२ अंश, ५.७ अंशांवर ०.०१४ अंश.

आता लेझरकडे बघा. साध्या हीलियम-निऑन नळीचा किरण ०.८ मिमी रुंद असतो आणि त्याचा फैलाव ०.०५८ अंश. डिपच्या चौपट! असा किरण थेट टाकला तर डिप दिसतच नाही, परावर्तन नुसतं थोडं लहरतं. ४५ अंशांवर तर काही दिसायचा प्रश्नच येत नाही. तिथे फैलाव आड येतोच. शिवाय दर फेरीला प्रकाश आतल्या आत अर्धा मिमी बाजूला सरकतो आणि तेरा-चौदा फेऱ्यांत सात मिमी पुढे जाऊन किरणाबाहेर पडतो. म्हणून किरण ३ मिमीपर्यंत रुंद करा आणि ४ ते ७ अंशांत काम करा. ३ अंशांच्या खाली परावर्तित किरण येणाऱ्या किरणाला इतका चिकटतो की डिटेक्टर ठेवायला जागा उरत नाही.

काच: सगळा खेळ इथे आहे

फिनेस ४० टिकवायची असेल, तर किरण जिथे पडतो त्या ३ मिमीमध्ये काचेची जाडी ५ नॅनोमीटरपेक्षा जास्त बदलता कामा नये. बाजारातली साधी पॉलिश केलेली ऑप्टिकल खिडकी (सपाट काच) १० आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) समांतरतेची असते. तेवढ्या पाचरीत ३ मिमीमध्ये दीडशे नॅनोमीटर फरक पडतो, आणि एक अख्खा क्रम सरकायला २०९ नॅनोमीटर पुरतात. डिप तिथेच विरघळतो. एटालॉन दर्जाची, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग अतिशय समांतर केलेली काच मिळाली तर उत्तम, पण ती महाग असते. स्वस्तात काम करायचं तर निवड करावी लागते.

चांदी चढवण्याआधी प्रत्येक तुकडा सोडियम दिव्याच्या किंवा पसरवलेल्या लेझरच्या प्रकाशात परावर्तनाने बघा. दोन पृष्ठभागांमुळे पट्टे दिसतात. सरळ, दाट पट्टे असलेला तुकडा बाजूला टाका. ज्या तुकड्यावर पट्टे वळून बंद कडी करतात तो ठेवा. कडीच्या मध्यावर जाडी टेकडीच्या माथ्यासारखी स्थिर असते, तिथे ३ मिमीत फरक फारच थोडा पडतो. त्या जागेची खूण काचेच्या कडेला दोन बाजूंनी करा, कारण चांदी चढल्यावर ती जागा शोधता येत नाही. दहा-बारा तुकड्यांत एखाद-दुसरा असा सापडतो, तेव्हा काच एकेक करून मागवू नका.

पहिल्यांदाच करणाऱ्यांनी ०.१७ मिमीच्या कव्हरस्लिपवर हात साफ करावा. जाडी कमी म्हणून डिप दूरदूर आणि रुंद असतात, किरण दीड मिमीचा पुरतो, पाचरीचा जाचही तेवढ्या प्रमाणात कमी होतो. संवेदनशीलता कोनाच्या हिशेबात तेवढीच राहते; फक्त डिप रुंद असल्यामुळे त्याचा तळ तितक्या बारकाईने ठरवता येत नाही.

चांदी चढवणे

झवेरी बाजारात ९९९ चांदी मिळते, सरावाला ती चालते. मोजमापाच्या नमुन्याला ९९.९९ टक्क्यांची दाणेदार चांदी घ्या. काच साबणाच्या पाण्याने, मग डिस्टिल्ड पाण्याने, ॲसिटोनने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, कोरड्या नायट्रोजनने फुंकून वाळवा आणि १०० अंश सेल्सिअसला पंधरा मिनिटं ठेवा. यानंतर कापड लावायचं नाही.

थर्मल इव्हॅपोरेशनसाठी निर्वात किमान ०.००००१ मिलिबार हवा. मॉलिब्डेनमची बोट (चांदी ठेवून तापवायची पन्हळ), काचेपासून २० सेंटीमीटर अंतर. एवढ्या अंतरावर २५० नॅनोमीटरसाठी हिशेबाने ०.३३ ग्रॅम चांदी लागते, ०.५ ग्रॅम ठेवा. ३५ नॅनोमीटरसाठी ०.१ ग्रॅम पुरे. वेग सेकंदाला १ ते २ नॅनोमीटर. हळू चढवलेली चांदी बेटाबेटांनी वाढते, खडबडीत होते आणि प्रकाश विखुरते. जाडी क्वार्ट्झ क्रिस्टल मॉनिटरवर बघा. मॉनिटर आणि काच एकाच जागी नसतात, त्यामुळे आधी एका स्लाइडवर चढवून खरी जाडी मोजा आणि गुणक काढून ठेवा.

जाड थर आधी, पातळ थर नंतर. पातळ थर चढलेली काच बल्बसमोर धरली की निळसर-जांभळा उजेड आरपार दिसला पाहिजे. काहीच दिसत नसेल तर थर ५०-६० नॅनोमीटरच्या वर गेला आहे, डिप उथळ येईल. पातळ थराला चिमटा लागला की ओरखडा पडतो, म्हणून फक्त कडेला धरा.

कॉलेजात व्हॅक्यूम युनिट नसेल तर जाड थर टॉलेन्स अभिक्रियेने रासायनिक पद्धतीनेही बसतो. ३५ नॅनोमीटरचा थर मात्र त्याने नीट येत नाही. उरलेलं टॉलेन्स द्रावण बाटलीत ठेवायचं नाही. त्यातून स्फोटक गाळ तयार होतो. लगेच आम्ल घालून निकामी करा.

मुंबईत चांदी काळी पडणं हा वेगळा विषय होऊन बसतो. दमट हवा, खाडीचा आणि नाल्यांचा हायड्रोजन सल्फाइड, समुद्राचं मीठ: पावसाळ्यात उघडा ठेवलेला पातळ थर बघता बघता पिवळसर होतो आणि डिपचा तळ वर यायला लागतो. त्याच पंपडाउनमध्ये, म्हणजे निर्वात न मोडता, वरून २०-३० नॅनोमीटर सिलिका किंवा मॅग्नेशियम फ्लोराइड चढवून घ्या. नमुना डेसिकेटरमध्ये ठेवाच, पण नुसती सिलिका जेल गंधक अडवत नाही. शेजारी सक्रिय कोळशाची पुडीही ठेवा. सोनं काळं पडत नाही, तरी ६३२.८ नॅनोमीटरवर त्यात तोटा जास्त, त्यामुळे डिप रुंद होतात.

मांडणी

टेबल म्हणून कडप्प्याची जाड फरशी स्कूटरच्या अर्धवट फुगवलेल्या ट्यूबवर ठेवली की रस्त्यावरच्या बसची आणि लोकलची थरथर बरीचशी मरते. खोली तळमजल्यावरची असेल तर आणखी बरं.

लेझर: १ ते ५ मिलिवॉटचा, रेषीय ध्रुवीकरण असलेला हीलियम-निऑन. अर्धा तास तापू द्या. लाल पॉइंटर किंवा स्वस्त डायोड मॉड्यूल वापरू नका. या वेव्हगाइडला एक अख्खा क्रम सरकायला फक्त ०.२६ नॅनोमीटर तरंगलांबीचा फरक पुरतो, आणि तापलेल्या डायोडची एक उडी साधारण तेवढीच असते. डिप मध्येच गायब होऊन शेजारी उगवला की लोक काचेला दोष देतात.

विस्तारक: २५ मिमी आणि १०० मिमी फोकसची दोन भिंगं १२५ मिमी अंतरावर. किरण चौपट होऊन ३.२ मिमी होतो. एक मीटरवर आणि पाच मीटरवर ठिपक्याचा आकार सारखा येईपर्यंत दुसरं भिंग मागेपुढे करा.

फिरता स्टेज: १८० ला १ वर्म गिअर, १.८ अंशांची स्टेपर मोटर, १/१६ मायक्रोस्टेप. एक मायक्रोस्टेप म्हणजे ०.०००६२५ अंश. ड्रायव्हर, अर्डुइनो, तारा सगळं लॅमिंग्टन रोडला मिळतं. गिअरमध्ये ढिलाई असतेच, म्हणून प्रत्येक स्कॅन एकाच दिशेने करा आणि सुरुवातीच्या कोनाच्या अर्धा अंश अलीकडून या.

डिटेक्टर: बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड, पुढे ३० मिमी फोकसचं २५ मिमी रुंद भिंग, म्हणजे किरण फिरला तरी डायोडवर राहतो. १ मिलिवॉटला सुमारे ०.४ मिलिअँपिअर प्रवाह येतो. ट्रान्सइम्पीडन्ससाठी (प्रवाहाचं व्होल्टेज करणाऱ्या ॲम्प्लिफायरसाठी) १० किलोओहम घ्या, ४ व्होल्ट मिळतील. सवयीने १०० किलोओहम लावला तर ॲम्प्लिफायर वरच अडकून बसतो आणि आलेख सपाट येतो. किरणाच्या वाटेत तिरपी स्लाइड ठेवून थोडा प्रकाश दुसऱ्या डायोडवर घ्या आणि गुणोत्तर मोजा. लेझरचं वरखाली होणं त्यात वजा होतं. दोन्ही सिग्नल १६ बिटच्या एडीएस १११५ या, सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपवर.

नमुना बसवताना तीन बिंदूंवर मऊ मेणाने टेकवा. स्क्रूने आवळलेली किंवा एपॉक्सीने चिकटवलेली अर्ध्या मिमीची काच वाकते. २५ मिमीच्या तुकड्याला मध्यावर २ मायक्रॉन पोक आला तरी किरणाच्या दोन कडांचा कोन ०.००५ अंशाने वेगळा होतो. मागच्या बाजूला काळा रंग मारायचा मोह टाळा. वाळताना तोही काच ओढतो. २५० नॅनोमीटर चांदीतून प्रकाश पलीकडे जातच नाही, रंगाची गरज नाही.

पहिला डिप डोळ्यांनी शोधा

स्कॅन सुरू करण्याआधी विस्तारलेल्या किरणात ७५ मिमीचं भिंग धरा आणि फोकस काचेवर, खूण केलेल्या जागी पाडा. आता किरण सव्वादोन-अडीच अंशांचा शंकू आहे, म्हणजे तेवढे सगळे कोन एकदम पडतात. परावर्तित प्रकाश पांढऱ्या कागदावर घ्या. लाल वर्तुळात तीन-चार काळ्या, बारीक, किंचित वाकलेल्या रेषा दिसतील. स्टेज हळू फिरवा: वर्तुळ कागदावरून पुढे सरकतं आणि त्याच वेळी त्यातल्या रेषा एका कडेने शिरून दुसऱ्या कडेने बाहेर पडतात.

या रेषा धारदार असतील तर नमुना चांगला आहे. फिकट आणि जाड असतील, तर काच एक-एक मिमी सरकवून चांगली जागा शोधा. रेषा कुठेच नाहीत, तर वरचा थर फार जाड आहे किंवा काच उलटी बसली आहे; प्रकाश पातळ थराकडूनच आला पाहिजे. उलटी बसवण्याचा घोळ फार सर्रास होतो, म्हणून चांदी चढवतानाच काचेचा एक कोपरा तोडून ठेवा.

स्कॅन आणि शून्य

भिंग काढा. परावर्तित किरण लेझरच्या छिद्रात परत पाठवून साधारण शून्य ठरवा आणि लगेच बाजूला फिरवा. परतलेला प्रकाश लेझरला अस्थिर करतो. मग ४ ते ७ अंश तीन-तीन मायक्रोस्टेपनी, म्हणजे १६०० बिंदू. प्रत्येक बिंदूवर ५० मिलिसेकंद थांबा. या पट्ट्यात पाच डिप यायला हवेत. तसाच स्कॅन उणे बाजूला करा. एकाच क्रमाच्या दोन्ही बाजूंच्या कोनांची बेरीज करून निम्मी केली की शून्यातली चूक थेट हातात येते.

पडताळा सोपा आहे: डिपच्या कोनांच्या साइनचे वर्ग काढा. शेजारच्या दोघांतला फरक दर वेळी ०.००१९ च्या आसपास सारखाच यावा. एखादा फरक दुप्पट आला तर मधला डिप निसटला आहे. सगळे फरक कोनाबरोबर सरकत जात असतील तर शून्य चुकलं आहे.

डिप एका बाजूला लांब शेपूट काढत असेल तर पाचर किंवा वाकलेली काच. दोन जुळे डिप दिसले तर लेझर एकापेक्षा जास्त तरंगलांब्या देतो आहे. उंची सावकाश वरखाली होत असेल तर लेझरचं ध्रुवीकरण बदलतं आहे. आणि डिप दर काही मिनिटांनी मागेपुढे डुलत असेल तर एसी बघा. बोरोसिलिकेट क्राउन काचेत १ अंश सेल्सिअसला ५.७ अंशांवरचा डिप सुमारे ०.०११ अंश सरकतो. कॉम्प्रेसर चालू-बंद होण्याची लय आलेखात जशीच्या तशी उतरते. एसीचा झोत टेबलावर येऊ देऊ नका आणि नमुन्यावर थर्मोकोलचा डबा घाला.

द्रावण मोजायचं असेल तर

काचेच्या जागी द्रव: खाली जाड चांदीची काच, वर पातळ चांदीची काच, दोघींच्या चांद्या आतल्या बाजूला आणि मध्ये ०.५ मिमीचं कडं. वरची काच किंचित पाचरीची घ्या, नाहीतर तिचे स्वतःचे पट्टे आलेखात मिसळतात.

अपवर्तनांकातला बदल कोनात किती मोठा होतो हे अपवर्तनांक भागिले साइन यावरून कळतं. ५.७ अंशांवर पाण्यासाठी ही पट १३ आहे. लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात १ ग्रॅम साखर टाकली की अपवर्तनांक सुमारे ०.०००१४ ने वाढतो आणि डिप ०.१ अंश सरकतो, म्हणजे दोन डिपमधल्या अंतराचा पाचवा भाग. कॅलिब्रेशन अशाच ०.१ टक्क्याच्या पायऱ्यांनी करा. थेट १ टक्क्याचं द्रावण घातलं तर दोनपेक्षा जास्त क्रम ओलांडले जातात आणि कोणता डिप कुठला हे सांगता येत नाही.

कोन डिपच्या उतारावर स्थिर ठेवून फक्त तीव्रता मोजली तर कागदावर अपवर्तनांकातला एक कोटीत एक एवढा बदल टिपल्याचे आकडे निघतात. असे दावे जपून वाचावेत. पाण्याचा अपवर्तनांक दर अंश सेल्सिअसला ०.०००१ ने घटतो, म्हणजे ०.०१ अंशाचा फरकच दहा लाखात एक एवढा बदल घडवतो. तापमान किती स्थिर होतं ते लिहिलेलं नसेल तर त्या संवेदनशीलतेला अर्थ नाही.

किरण सरकणे आणि व्होल्टेजने सरकवणे

परावर्तित किरण बाजूला सरकतो हे गूस आणि हेन्शन यांनी १९४७ मध्ये पूर्ण परावर्तनात दाखवलं. तिथे सरक तरंगलांबीच्या पातळीची असते. या वेव्हगाइडमध्ये डिपजवळ ती शेकडो मायक्रॉन होते. ती मोजायला पोझिशन-सेन्सिटिव्ह डिटेक्टर (ठिपक्याची जागा सांगणारा) पुरतो. ध्रुवीकरण बदलून फरक घेण्याची नेहमीची युक्ती मात्र इथे चालत नाही, कारण लहान कोनांना दोन्ही ध्रुवीकरणांचे डिप जवळजवळ एकाच जागी पडतात. संदर्भ म्हणून डिपपासून दूरच्या कोनाची जागा घ्या. वरचा थर पातळ असला तर सरक पुढच्या दिशेने, ठरावीक जाडीपलीकडे मागच्या दिशेने होते. दोन नमुन्यांत चिन्ह उलटं आलं म्हणून गणित चुकलं असं समजू नका. ठिपक्याच्या मधोमध काळी रेघ येऊन त्याचे दोन तुकडे झाले असतील, तर किरणाचा फैलाव डिपपेक्षा मोठा आहे; तेव्हा डिटेक्टर सांगतो ती सरक खोटी.

काचेऐवजी झेड-कट (झेड अक्षाला लंब कापलेलं) लिथियम निओबेट, म्हणजे व्होल्टेजने अपवर्तनांक बदलणारा स्फटिक, घेतलं तर त्याच चांदीच्या थरांचे इलेक्ट्रोड होतात. इथे एक चूक फार जण करतात: हिशेबात ३०.८ पिकोमीटर प्रति व्होल्ट हा आर-३३ गुणांक (व्होल्टेजने अपवर्तनांक किती बदलतो ते सांगणारा) घालतात. प्रकाश जवळजवळ झेड अक्षावरूनच जातो, त्याला सामान्य अपवर्तनांक २.२८६ दिसतो आणि लागू होतो तो आर-१३, सुमारे ९. अर्ध्या मिमीवर १०० व्होल्ट दिले की अपवर्तनांक साधारण ०.००००१ ने बदलतो आणि ५.७ अंशांवरचा डिप ०.०१४ अंश सरकतो, म्हणजे स्वतःच्या रुंदीच्या साधारण निम्मा; इथे डिप काचेतल्यापेक्षा रुंद असतात. उताराच्या मध्यावर बसलात तर एवढ्याने परावर्तन चांगलंच वरखाली होतं.

१ किलोहर्ट्झचा साइन सिग्नल द्या आणि ऑसिलोस्कोपवर बघा. बाहेर १ किलोहर्ट्झच आला तर तुम्ही उतारावर आहात. २ किलोहर्ट्झ आला तर बरोबर तळावर. कोन जुळवायला यापेक्षा जलद रीत नाही. १० मिमी चौरस इलेक्ट्रोडची धारिता ५० पिकोफॅरड, त्यामुळे ड्रायव्हरला भार नाही; काही शे किलोहर्ट्झच्या पट्ट्यात मात्र स्फटिक पीझो परिणामाने कंप पावतो आणि प्रतिसादात टोकं येतात. तारा सिल्व्हर पेस्टने जोडा. सोल्डर लावलं तर कथील पातळ थर गिळून टाकतं. आणि ५०० व्होल्टच्या पुढे जायचं असेल तर दोन्ही थर स्फटिकाच्या कडेपासून २ मिमी आत थांबवा, कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, जून ते सप्टेंबर खोलीत डीह्युमिडिफायर चालू ठेवा. ओल्या कडेवरून ठिणगी गेली की पातळ थर तेवढ्यापुरता उडून जातो आणि नमुना पुन्हा चांदीसाठी पाठवावा लागतो.